आक्का मागायची

आमच्या सांगली भागात रक्षाविसर्जनाला भाषणं होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी माणसं नदीवर जमतात, विधी उरकतो आणि कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, "आता दोन शब्द." मग सोसायटीचे चेअरमन बोलतात, माजी सरपंच बोलतात, बांधावरून ज्याचं गेलेल्या माणसाशी वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं तोही बोलतो. वाक्यं ठरलेली. गडी माणूस असला तर 'शब्दाला पक्का'. बाई असली तर 'माऊली', आणि माऊलीच्या पाठोपाठ हमखास येतंच : "उभं आयुष्य कष्ट केले, पण कधी कुणाकडं काही मागितलं नाही."

2023 चा पावसाळा सरता सरता आमची आक्का, म्हणजे माझी आजी, गेली, तेव्हा हरिपूरच्या संगमावर हे वाक्य एकापाठोपाठ तिघांनी म्हटलं. तिसरे आमचे काका, तिचाच मुलगा. माझ्या शेजारी थोरली आत्या उभी होती. नाकाला पदर लावून हुंदके देत होती, ती एकदम थांबली. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "ह्यो कुणाचं सांगालाय गं?"

कारण आक्का मागायची. तोंड उघडून, वेळेवर मागायची आणि मिळालं नाही तर लक्षात ठेवायची. पोटच्या चार पोरांसाठी आणि आम्हा नातवंडांसाठी तिनं काय काय केलं ते सांगायला बसले तर गावातल्या कुठल्याही म्हातारीसारखंच वाटेल. रात्र रात्र उशाशी बसणं, स्वतःच्या ताटातलं काढून देणं, हे त्या पिढीच्या बहुतेक बायकांनी केलं. तिचं वेगळेपण तिच्या मागण्यांत होतं, आणि माणूस गेल्यावर नेमकं तेच आधी पुसलं जातं.

तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जून आहे, तिच्या वयाच्या निम्म्या गावाची असते तशी. खरी तारीख कुणी टिपून ठेवलेली नव्हती. तिचा स्वतःचा हिशेब असा, की सांगलीचा आयर्विन पूल नवा झाला तेव्हा तिचे वडील मुद्दाम तो बघायला गेले होते, आणि "बाबा पूल बघून आला आन् चार म्हयन्यांत मी झाले." पूल 1929 च्या अखेरीला खुला झाला, म्हणजे आक्का 1930 ची. त्याच पुलावरचे पाण्याचे आकडे विचारण्यात तिची शेवटची वर्षं गेली, पण ते पुढं येईल.

माहेर कुंडल. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचा ध्यास, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केलेले. आक्का चौथीपर्यंत शिकली. "अक्षर यायला चार वर्सं लागली, नमस्कार पैल्याच वर्साला आले," असं सांगायची. पंच्याऐंशी ओलांडल्यावरसुद्धा सकाळी परसात पूर्वेला तोंड करून उभी राहायची. जमिनीवर झोपायचं कलम तिनं स्वतःच रद्द केलं होतं. हात वर, कंबरेतून वाकणं, पुन्हा हात वर, असे तीन. शेजारपाजारच्यांना वाटायचं म्हातारी भाविक आहे.

ती तेरा-चौदा वर्षांची असताना त्या मुलखात प्रतिसरकार जोरात होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव घरोघरी, आणि कुंडल तर जी. डी. बापू लाडांचं गाव. भूमिगत कार्यकर्ते रानात असायचे, घराघरांतून त्यांना भाकरी जायची. पोरींवर कुणी संशय घेत नाही म्हणून गवताच्या भाऱ्यात भाकरीचं फडकं घालून आक्काला पाठवायचे. हे ऐकून आम्ही नातवंडं भारावून जायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हा प्रसंग भाषणात घातला होता. तिच्या आठवणीत मात्र वेगळंच काही पक्कं बसलेलं. "भाकरी दिली की फडकं परत मागून आणायचं. सोडून आलं की आय मारायची. येकदा येकानं फडकं डोक्याला बांधलं हुतं, मी म्हटलं, दादा, त्ये आमचं हाय."

तिचं लग्न 1946 चं, त्या चळवळीनं रूढ केलेल्या गांधी पद्धतीचं. हुंडा नाही, वाजंत्री नाही, एकमेकांना सुताचे हार, संपलं. कुंडलला ते मानाचं होतं. हरिपुरात तिच्या सासूला ते आयुष्यभर खुपलं. हरिपूर सांगली संस्थानातलं. म्हणजे नवरी एका राजाच्या मुलखातून निघाली, इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातून आली आणि दुसऱ्या राजाच्या गावात उतरली. दोन वर्षांत दोन्ही राजे गेले. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. आक्का त्याच उंबऱ्याच्या आत.

हरिपूर सांगलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वारणा इथं कृष्णेला मिळते. संगमावर संगमेश्वराचं देऊळ, श्रावणातल्या सोमवारी तिथं ही गर्दी. पण आमच्या गावाची खरी ओळख जमिनीखाली होती. हरिपूरची पेवं. सांगलीच्या बाजारात येणारी हळद साठवायची ती इथं. इथल्या मातीचा गुणच तसा आहे. खोल खड्डा घ्यायचा, तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. आत पाल्याचा थर देऊन हळद भरायची, वरून तोंड बंद करून माती लोटायची. अशी हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, रंगाला धक्का नाही. व्यापारी सांगलीत, माल हरिपूरच्या पोटात. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा माणसाला मारते. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, तो तेवत राहिला तर माणूस सोडायचा. लहानपणी आम्हाला त्या मोकळ्या जागेत खेळायला बंदी होती, आणि बंदी घालणारी आक्काच.

आमच्या आजोबांच्या वाट्याला नदीकडची थोडी जमीन आणि गावाजवळ पेवांची जागा आली होती. जमिनीपेक्षा पेवांचं भाडं भरवशाचं. नदी जमीन खाते, भाडं खात नाही, असं आजोबा म्हणायचे. भाडं ते स्वतः खायचे, म्हणजे कुस्तीच्या फडात घालवायचे. माणूस वाईट नव्हता. बाहेरगावच्या पैलवानाला दूध-तूप देताना घरात दूध आहे का हे बघायचा नाही, एवढंच.

आक्कानं सासरी केलेली पहिली मागणी भावांची होती. कुंडलला आईवडील थकलेले, दोन भाऊ शिकायचे राहणार, म्हणून तिनं सासूला सांगितलं की दोघं इथं राहतील आणि सांगलीला हायस्कुलात जातील. सासूचं उत्तर आमच्या घरात अजून म्हणीसारखं चालतं : "हुंडा तर न्हाईच, वर दोन भाऊ आंदण?" आक्कानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवसाचीच वाक्यं, आवाज न चढवता. शेवटी सासू म्हणाली, आणा बाई ते पांडव. भाऊ आले, रोज सांगलीला चालत गेले, एक शिक्षक झाला, एक एस.टी.त लागला. ते तिला आक्का म्हणायचे म्हणून तिची स्वतःची पोरंही आक्का म्हणायला लागली, आणि पुढं आम्हीही. तिला 'आई' अशी हाक मारणारं घरात कुणीच नव्हतं. तिला त्याचं काही वाटायचं का, हे कुणी विचारलं नाही.

दुसरी मागणी पेवाच्या भाड्याची. ही गोष्ट थोरल्या आत्याच्या जन्मानंतरची, पन्नाशीच्या दशकातली. व्यापाऱ्याचा दिवाणजी भाडं घेऊन आला, आजोबा ओट्यावर. आक्का आतून आली आणि दिवाणजीलाच म्हणाली, "ह्या वर्सापासनं माझ्या हातात द्यायचं." परक्या माणसासमोर नवऱ्याकडं न बघता बोललेलं ते वाक्य म्हणजे त्या काळी मोठा प्रकार. आजोबांनी काय केलं? हसले, म्हणे. "घे बाई, तूच सांभाळ." आक्काच्या लेखी आजोबांच्या सगळ्या उधळपट्टीची त्या एका हसण्यात फेड झाली होती. ती त्यांच्याबद्दल कधी कडवट बोलली नाही.

भाडं कुठं गेलं, तर पोरींच्या शाळेत. पोरांची फी आजोबा देणारच होते, ती कुणीही देतं. थोरली आत्या मॅट्रिक झाली आणि पुढं सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला गेली, ते त्या पैशांवर. कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षी, 1967 ला, ती कॉलेजात होती. डिसेंबरातली पहाट, भांडी मांडणीवरून खाली, सगळं गाव अंगणात. तशा थंडीत काकडत भावकीतल्या एकीनं म्हटलं, पोरी शिकायला लागल्या की धरणी हालणारच. आक्का म्हणाली, "धरण पोरींनी बांधलं व्हय?"

हळदीचा हंगाम मी लहानपणी शेवटचा शेवटचा पाहिला. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लागण, आणि माघ-फाल्गुनात काढणी. पाला कापून गड्डे खणायचे, माती झाडायची, मग बायका ओळीनं बसून गड्ड्यापासून हळकुंडं मोडायच्या. जेठे गड्डे एकीकडं, हळकुंडं दुसरीकडं. जेठा गड्डा म्हणजे मूळ कंद, त्यालाच बाकीची फुटलेली असतात. शिजवायची ती मोठ्या काहिलीत, वर पाला आणि ओली पोती टाकून. तो वास काही चांगला नसतो. ओल्या मातीचा, उग्र, नाकात बसणारा. शिजली का बघायला काडी टोचायची, आरपार सहज गेली की काहील उतरायची. मग खळ्यावर वाळवण, पंधरा-पंधरा दिवस.

वाळवण किती झालं हे ठरवायला घरी कुणालाही बोलवत नसत, आक्काला बोलवत. ती ढिगात हात घालून मधलं एक हळकुंड काढायची, कानाजवळ न्यायची आणि मोडायची. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखं वाजतं. कच्चं असलं तर नुसतं दबून तुटतं, आवाज देत नाही. ती डोळे मिटून ऐकायची. एका ढिगातनं चार-पाच मोडायची, वरचं, मधलं, तळाचं. मग तुटलेल्या टोकाचा रंग उन्हात धरून बघायची, कडेपासून गाभ्यापर्यंत एकसारखा हवा. "अजून दोन उनं" एवढंच सांगून उठायची. तिच्या अंगठ्याच्या पेरावर एक पिवळा घट्टा होता, तो चैत्र-वैशाखातही जायचा नाही. वाळलेलं हळकुंड हातानं मोडून बघा, म्हणजे कळेल. मला आजही मोडत नाही.

1972 च्या दुष्काळात नदीकाठ म्हणून आम्ही निभावलो. तिच्या माहेरच्या गोतावळ्यातले लोक खडी फोडायला रस्त्यावर, रेशनला परदेशातला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच प्रकार. आक्कानं त्या वर्षी घरात सांगून टाकलं की रोज दोन भाकरी कमी लागतील, ते धान्य तिकडं जाईल. कुणाच्या वाटणीतल्या दोन हे तिनं सांगितलं नाही, सगळ्यांना कळलं. असा त्याग ती करायची, पण केल्याचं जाहीर करून. "मी आज जेवले न्हाई, तुम्ही पोटभर खाल्लंसा, ध्येनात ठेवा," असं तोंडावर म्हणणारी दुसरी आई मी पाहिली नाही. पुढं मुलं मिळवती झाली तेव्हा तिनं हे ध्यानात आणून दिलंही. मला हे फार आवडतं. आमच्या घरात कुणाला उगाच अपराधी वाटत राहिलं नाही. देणं होतं, ते फिटलं.

आम्हा नातवंडांनाही सूट नव्हती. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गेले. तिनं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "म्हयन्याला दोनशे धाडत जा." आईला लाज वाटली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "कारन कशाला? नात मिळवती झाली न्हवं?" ते पैसे घरच्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, तिच्याच खात्यावर. दर महिन्याला पासबुक भरून आणायला ती कुणाला तरी सांगलीला पिटाळायची आणि चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवायची. माझी लेक झाली त्या वर्षी, 2008 ला, ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुण्याला आली. बाळंतपण आपलं आपणच करायचं म्हणून कामवालीला सुट्टी. सकाळी तेल, शेगडी, ओवा-शेपाची धुरी, दुपारी डिंकाचे लाडू वळणं, रात्री बाळ रडलं की माझ्या आधी उठणं. मला वाटायचं, ही झोपते कधी? सव्वा महिना झाला, बाळाची मालीश करता करता माझ्या नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, माझी मजुरी?" तो गांगरला. साडी घेऊया का, म्हणाला. "साड्या लई हायत. मला इमान बघायचंय, जवळनं."

तेव्हा तिला विमानात बसवण्याची ऐपत होती, पण बसायचं नव्हतं तिला. लोहगावला विमानतळाच्या कडेनं एक रस्ता जातो, तिथं आम्ही गाडी लावली. डोक्यावरून एक विमान उतरलं, आवाजानं बाळ किंचाळलं, आणि आक्का कुंपणाच्या जाळीला हात लावून ओरडली, "अगं, चाकं असत्यात व्हय ह्याला!" वरून जाताना तिला ती आयुष्यात कधी दिसली नव्हती, आणि मग हे थांबतं कसं, हा प्रश्न मनात किती वर्षं होता कुणास ठाऊक. परत येताना सबंध वाट खूश. मजुरी पोचली, म्हणाली.

आता जी मागणी पुरी झाली नाही तिच्याबद्दल.

आजोबा 1996 ला गेले. तलाठ्याकडं वारसांची नावं लागली पाच : आक्का, दोन मुलगे, दोन मुली. आमच्याकडं पुढची पायरी न सांगता ठरलेली असते. बहिणी येतात, त्यांची साडी-चोळी होते, भावाच्या गाडीतून सगळे निबंधकाच्या कचेरीत जातात आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. येताना हॉटेलात जेवण. नाही म्हणणाऱ्या बहिणीला माहेर तुटतं, हेही न सांगता ठरलेलं. 1956 पासून मुलगी बापाच्या मालमत्तेची वारस आहे, 1994 ला महाराष्ट्रानं आणखी पुढं जाऊन वडिलोपार्जित मिळकतीतही तिला हक्क दिला. कायदा असा भराभर पुढं जात होता आणि आमचं घर कचेरीच्या पायऱ्या चढत होतं.

त्याच्या आदल्या रात्री आक्कानं दोन्ही मुलांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दादांना, आणि काकांना, समोर बसवून मागितलं. सगळी जमीन नको, नदीकडचं रान तुम्ही करता, ते तुमचं. पेवांची जागा पोरींच्या नावावर राहू द्या. तिच्याच भाड्यावर त्या शिकल्या. मी तेव्हा दारामागं होते, नववीत असेन. दादा जमिनीकडं बघत बसले. काका म्हणाले, "आक्का, बघू." वडिलांना मी पुढं मोठेपणी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, रीत होती. शिवाय उसाच्या पाइपलाइनचं कर्ज होतं, ते बहिणी फेडणार होत्या का? त्यात तथ्य होतं. पण त्या रात्री कर्जाचा विषय कुणी काढला नव्हता. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मागितलं, सासूकडं मागितलं होतं तसंच. गाडी दारात आली होती.

आत्यांनी सह्या केल्या. मग कारकुनानं आक्कापुढं कागद सरकवला. तिचाही हिस्सा सुटायचा होता, आईचा हिस्सा मुलांकडंच जाणार, त्यात विचारायचं काय? अंगठ्याचं शाईचं पॅड पुढं आलं. आक्का म्हणाली, "मला सही येती." पेन घेतलं. आणि खाली ठेवलं. "माझा ऱ्हाऊ दे. मी मेल्यावर बगा." कचेरीत तमाशा नको म्हणून सगळे उठले. हॉटेलातलं जेवण झालं. त्यानंतर या विषयावर घरात चकार शब्द निघाला नाही, तिच्या तोंडूनही नाही, आणि मला वाटतं तिथंच सगळ्यांनी सोयीनं समजून घेतलं की म्हातारी विसरली.

2005 च्या महापुरानं पेवं संपवली. पाणी ओसरल्यावर गावभर जी दुर्गंधी सुटली ती मेलेल्या जनावरांची असेल असं बाहेरच्यांना वाटलं. ती कुजलेल्या हळदीची होती. मातीच्या पोटात वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला माल पाण्यानं भरला. नंतर व्यापार शीतगृहांकडं गेला, पेवांची जागा गवत उगवून पडून राहिली. 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी मी तिला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "पेवं बुडाल्यावर व्हय?"

2005 पासून तिची एक कायमची मागणी होती. नदीचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. "पुलाला चाळीस लागलं की मला आन् माझ्या ट्रंकंला आधी न्यायचं." म्हातारी माणसं घर सोडत नाहीत, चौकटीला धरून बसतात, असं ऐकतो. आमची म्हातारी सगळ्यांच्या आधी तयार. 2019 च्या ऑगस्टात ती दर तासाला आकडा विचारत होती. चाळिशी गाठल्यावर ट्रॅक्टर आला. पत्र्याची ट्रंक काकांनी स्वतः खांद्यावर घेतली, वर कुरकुरले, काय धोंडे भरलेत हिच्यात. आक्का ट्रॉलीत बसून त्यांना म्हणाली, "आपट नगंस." पुढं पाणी 57 फुटांवर गेलं. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं बुडाली ती त्याच आठवड्यात. आमचं घर माळवदापर्यंत पाण्यात होतं, आणि आक्का विश्रामबागला धाकट्या आत्याकडं पलंगावर बसून टीव्हीवर आमचं गाव शोधत होती.

शेवटचं आजारपण लांबलं नाही. एका इस्पितळात अतिदक्षता विभागात चार दिवस ठेवलं. तिथं भेटायला दिवसातून दहा मिनिटं, तीही काचेतून. नाकातली नळी तिनं दोनदा काढली, मग हात बांधले. धाकटी आत्या स्वतः नर्स होती, मिरजेला तिची सगळी नोकरी गेली. ती आत गेली तेव्हा आक्का म्हणाली, "मला घरला न्ये." आत्यानं कुणाला न विचारता कागदांवर सह्या केल्या आणि रुग्णवाहिका बोलावली. घरी तिनं दोन घोट चहा मागितला, मिळाला. पासबुक मागितलं, तेही उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी गेली.

ट्रंक उघडली ती तेराव्यानंतर. वर लुगडी, त्याखाली पितळी डबा, त्याच्याखाली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं नोंदणीकृत मृत्युपत्र, 2011 चं. तिचा पाचवा हिस्सा दोन्ही मुलींना समसमान, आणि वाटणी करताना तो हिस्सा होता होईल तो पेवांच्या जागेतून धरावा, अशी इच्छा. साक्षीदार तिच्या शिक्षक भावाची दोन मुलं. नोंदणीचा खर्च कुठून केला असेल हे मी पासबुकात शोधलं. त्या महिन्यात एक मोठी रक्कम काढलेली दिसते. माझे दोनशे रुपये कुठं जायचे, ते कळलं.

काका महिनाभर बोलले नाहीत. ट्रंक आपण खांद्यावर वाहिली होती, हे त्यांना मृत्युपत्रापेक्षा जास्त लागलं असावं. दादांनी मात्र कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "तिनं मागितलं होतं." एवढंच. पेवांच्या जागेला आता भाव आहे, सांगली वाढत वाढत तिथवर आली आहे, त्यामुळं हे प्रकरण नुसत्या भावनेवर मिटणारं नव्हतं. वकील झाले, पोटहिस्सा, तुकडेबंदी असले शब्द जेवणाच्या ताटावर आले. थोरल्या आत्यानं शाळेत नोकरी करून तिच्यापुरतं सगळं उभं केलेलं आहे, तिला पैशांची गरज नाही. सोडून दे, असं तिला तिच्या सुनेनंसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "येकदा सोडलंय. दर पिढीत काय सोडायचं?"

शेवटी काकांचाच फोन आला. भूमी अभिलेख कार्यालयात तातडीच्या मोजणीचे पैसे त्यांनीच भरले होते, तारीखही घेतली होती. आत्याला म्हणाले, सकाळी लवकर या, खुणा दाखवायला जुनं माणूस लागतं, कुठलं पेव कुठं होतं ते आता तुम्हालाच माहीत. आत्यानं होकार दिला, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मोजणीवाल्यांचं दुपारचं जेवण माझ्याकडनं म्हणून सांग त्येला. वांगी करते. त्यात तरी हिस्सा मागू नका म्हणावं."